दोन वर्षांच्या मुक्कामाबद्दल

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

सिंगापूरमधल्या, चिनी राजकारणावरच्या संशोधनाचा करार मी आणखी दोन वर्षांनी वाढवून घेतला आहे. आधी विचारले असते तर बाबा ‘राहा’ म्हणाले असते आणि आई गप्प बसली असती; तिचे ते गप्प बसणे मला सोसले नसते, म्हणून सही करून मगच लिहीत आहे.

चीनच्या कम्युनिस्ट पक्षाचे अधिवेशन दर पाच वर्षांनी भरते, त्यात वरची पदे ठरतात आणि पुढचे २०२७ मध्ये आहे, त्यामुळे आत्ता काम सोडले तर आजवरच्या नोंदी अर्धवट राहतील. सदुसष्टाव्या वर्षी पद टिकते, अडुसष्टाव्या वर्षी जाते, असा तिथला अलिखित संकेत होता. पण २०२२ मध्ये सदुसष्ट वर्षांचे, तेव्हाचे पंतप्रधान ली खछ्यांग आणि ज्येष्ठ नेते वांग यांग पक्षाच्या केंद्रीय समितीतूनच गेले, तर एकोणसत्तर वर्षांचे परराष्ट्रमंत्री वांग यी पॉलिटब्युरोत, म्हणजे त्या समितीतल्या वरच्या मोजक्या नेत्यांच्या मंडळात, आले. पक्षाच्या युवक संघातून वर आलेल्या, ली खछ्यांग यांच्यासारख्या नेत्यांचा गट संपला. ली च्यांग यांनी पूर्वी चच्यांग प्रांतात शी जिनपिंग यांच्या हाताखाली काम केले होते. ते उपपंतप्रधानपदाची पायरी न चढताच मार्च २०२३ मध्ये पंतप्रधान झाले. बाबा, गडचिरोलीच्या बदलीनंतर हे तुम्हाला समजावून सांगायला नको. साहेबाचा माणूस कोण, हे ज्येष्ठता यादीत लिहिलेले नसते, असे तुम्ही म्हणाला होता. त्या दिवशी आई ट्रंक भरत होती आणि मी तिच्यात जाऊन बसले होते. आज मी तेच न लिहिलेले शोधते: कोण, कोणत्या प्रांतात, कोणाबरोबर होता. आणि जवळीकही पुरत नाही; शी यांच्या मर्जीतले मानले जाणारे छिन गांग सात महिन्यांत परराष्ट्रमंत्रिपदावरून गेले.

आई, मी नीट जेवते. इथे ज्वारीचे पीठ मिळते आणि खोलीत उजेड भरपूर आहे.

ली खछ्यांग निवृत्तीनंतर सातच महिन्यांनी, २७ ऑक्टोबर २०२३ रोजी, हृदयविकाराने गेले. वय अडुसष्ट. ती नोंद करताना माझा हात थांबला, कारण बाबा, श्रावणात तुम्हालाही अडुसष्टावे लागेल. घाबरवायचे नाही मला. पण स्ट्रेस टेस्ट या महिन्यात झालीच पाहिजे, पहाटे एकट्याने टेकडीवर जायचे नाही आणि गोळ्यांचा डबा आईच्या ताब्यात राहील. अहवालाचा फोटो मला त्याच दिवशी पाठवा. दिवाळीचे तिकीट काढले आहे.

तुमची,
बेबी