मेंढा निवडताना रक्तही तपासा: पशुसंवर्धन मंत्र्यांना खुले पत्र

मा. पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सादर नमस्कार.

मी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो. आता मुंबईतच कुत्र्या-मांजरांवर उपचार करतो, पण घर माणदेशात आणि घरात मेंढरं. पैदाशीचा मेंढा कसा पारखावा हे मला आजोबांनी शिकवलं. आधी जबडा उघडून दात बघायचे, मग वृषण चाचपायचे, मग त्याला दहा पावलं चालवायचे. शेवटी विचारायचे, ‘याच्या आईला जुळी झाली होती का?’ या पारखीला मी आजही मान देतो. पण एक गोष्ट हाताला आणि डोळ्याला कळत नाही: मेंढ्याच्या जनुकात स्क्रेपी या रोगाला तोंड देण्याचं बळ आहे की नाही. तिच्यासाठी हे पत्र.

स्क्रेपी हा मेंढ्यांच्या मेंदूचा रोग आहे. प्रिऑन नावाच्या प्रथिनाची घडी चुकते आणि ते शेजारच्या चांगल्या प्रथिनालाही तशीच चुकीची घडी पाडत जातं. लागण झाल्यावर साधारण दोन ते पाच वर्षं मेंढी धडधाकट दिसते. मग ती अंग खांबाला घासू लागते, लोकर झडते, मागचे पाय लटपटतात. औषध नाही, लस नाही. सुरुवातीला तो खरजेसारखाच वाटतो, म्हणून वाड्यावर खरजेचं इंजेक्शन देऊन विषय मिटतो. पक्कं निदान मेंदू तपासल्यावर होतं, आणि रानात मेलेल्या मेंढीचा मेंदू तपासायला कोण नेतं? कुमाऊंच्या डोंगरातल्या मेंढ्यांत हा रोग असल्याचं 1961 सालीच नोंदवलं गेलं आहे. त्यामुळे ‘आपल्याकडे नाही’ असं नुसतं म्हणून चालणार नाही.

मटण खाणाऱ्यांनी घाबरू नये. स्क्रेपी माणसाला होते असा पुरावा नाही. ब्रिटनमध्ये 1986 साली ओळखला गेलेला ‘मॅड काऊ’ हा गुरांचा वेगळा प्रिऑन रोग. मांस-हाडांची भुकटी खुराकात घातल्याने तो पसरला आणि 1,80,000 हून जास्त गुरांत सापडला. तो माणसांपर्यंत पोचल्याचं 1996 मध्ये मान्य करावं लागलं.

मेंढीच्या बाबतीत मात्र निसर्गाने एक वाट ठेवली आहे. प्रिऑन प्रथिनाच्या साखळीत 136, 154 आणि 171 या तीन जागा महत्त्वाच्या. तिथे कोणतं अमिनो आम्ल, म्हणजे साखळीतला कोणता मणी, बसतो हे जनुक ठरवतं आणि त्यावरून ‘एआरआर’, ‘व्हीआरक्यू’ असे प्रकार ठरतात. आई आणि बाप दोघांकडून एआरआर आलेल्या मेंढीला नेहमीची स्क्रेपी जवळपास होतच नाही. व्हीआरक्यू सर्वांत धोक्याचा. दोन्हीकडून एआरआर आलेला मेंढा कळपात सोडला की त्याच्या प्रत्येक कोकराला निदान एक प्रत मिळते. ब्रिटनने 2001 पासून मेंढ्यांचं रक्त तपासून याच पायावर राष्ट्रीय योजना राबवली.

हे आपल्याला झेपणारं आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनच्या गरोळ मेंढीतलं जुळ्यांचं जनुक दख्खनी मेंढीत आणलं, तेही डीएनए तपासून मेंढे निवडत. आजोबांचा तो जुळ्यांचा प्रश्न तिथे प्रयोगशाळेत सुटला.

राज्याच्या महामेष या मेंढीपालन योजनेत 20 मेंढ्यांमागे 1 नर दिला जातो. तो नर देण्याआधी त्याचं, आणि दहिवडीसारख्या सरकारी प्रक्षेत्रांवरच्या मेंढ्यांचंही, प्रिऑन जनुक तपासलं जावं. बाहेरून येणाऱ्या नरांना आणि वीर्याला तर ही तपासणी सक्तीची हवी. शेळ्यांचं गणित वेगळं आहे. त्यांच्यात 146 आणि 222 या जागा बघाव्या लागतात, म्हणून उस्मानाबादी शेळीसाठी मेंढीचाच तक्ता वापरू नये. मुंबईत देवनारच्या कत्तलखान्यात अनेक जिल्ह्यांतली जनावरं येतात. तिथे वयस्क मेंढ्यांच्या मेंदूचे नमुने नियमित घेतले, तर रोग आहे की नाही हे अंदाजावर राहणार नाही.

एक विनंती मात्र कळकळीची. निकाल आला म्हणून माडग्याळचा उमदा मेंढा लगेच कसायाकडे धाडू नका. एका जनुकापायी सगळी पैदास मोजक्या नरांवर आली तर जातच अरुंद होईल. शिवाय स्क्रेपीचा एक वेगळा प्रकार एआरआर मेंढीलाही होतो. आधी आपल्या दख्खनी कळपांत कोणता प्रकार किती आहे ते मोजा, मग हळूहळू निवड करा.

आमच्या वाड्यात पैदाशीचे तीन मेंढे आहेत. दिवाळीनंतर कळप चरायला बाहेर पडतो. त्याआधी माणूस पाठवलात तर पहिलं रक्त त्यांचं घ्या, मेंढे धरायला मी स्वतः गावी येईन.

आपला नम्र,
माणदेशातल्या मेंढपाळ घरातला एक पशुवैद्य
मुंबई