भाड्याच्या गाडीची पांढरी पाटी आणि हवा नसलेली स्टेपनी

दिनांक : २ डिसेंबर २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
सेल्फ-ड्राइव्ह कार भाडे विभाग,
छत्रपती संभाजीनगर

विषय : १४ ते १६ नोव्हेंबर २०२५ या काळात घेतलेली कार, डिपॉझिटमधून कापलेले ४,८०० रुपये आणि खासगी पाटीची गाडी भाड्यानं दिल्याबाबत तक्रार.

महोदय,

मी मूळची अंबाजोगाईची, नोकरीनिमित्त पुण्यात राहते. माझी आई ७१ वर्षांची आहे आणि तिचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत. वेरूळचा घृष्णेश्वर, औंढ्याचा नागनाथ आणि परळीचा वैजनाथ ही मराठवाड्यातली तिन्ही ज्योतिर्लिंगं एका फेरीत करायची, असं तिच्या मनात कितीतरी वर्षांपासून होतं. एसटीत चढणं-उतरणं तिला आता होत नाही. म्हणून तुमच्याकडून तीन दिवसांसाठी कार घेतली. भाडं रोज २,४०० प्रमाणे ७,२०० रुपये आणि डिपॉझिट ५,००० रुपये, सगळे पैसे आगाऊ दिले. सोबत मावशी होती, गाडी मी स्वतः चालवली.

१४ तारखेला पहाटे साडेपाचला आम्ही बाबा पेट्रोल पंपाजवळ ट्रॅव्हल्समधून उतरलो. तुमच्याकडं कामाला असलेला मुलगा गाडी घेऊन आला होता. अंधार होता, त्याला घाई होती. तरी मी मोबाइलची बॅटरी लावून गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढला. मागच्या बंपरच्या डाव्या कोपऱ्यावर वीतभर ओरखडा होता. मी विचारल्यावर तो म्हणाला, “ते जुनंय ताई, आमच्याकडं नोंद आहे.” त्याचा हा आवाज व्हिडिओत स्वच्छ ऐकू येतो.

मग माझं लक्ष नंबरप्लेटकडं गेलं. पांढऱ्या पाटीवर काळे आकडे, म्हणजे खासगी गाडी. भाड्यानं स्वतः चालवायला देण्याच्या गाडीची पाटी काळी आणि तिच्यावर अक्षरं पिवळी असतात, एवढं मला माहीत होतं. बुकिंग करताना तुम्ही दाखवलेल्या फोटोत पाटी झाकलेली होती. मी विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं, “सगळे असंच देतात. पोलिसांनी अडवलं तर मामाची गाडी आहे म्हणा.”

तेव्हाच मी किल्ली परत द्यायला हवी होती, हे मला मान्य आहे. पण दोन म्हाताऱ्या बायका, चार पिशव्या आणि पहाटेची थंडी, अशात मी ती गाडी घेतली. आईनं त्याचं बोलणं ऐकलं होतं. गाडी दौलताबादच्या रस्त्याला लागेपर्यंत ती गप्प होती. मग एवढंच म्हणाली, “देवाला निघालोत अन् रस्त्यात खोटं बोलायचं व्हय?” मी तिला काय उत्तर देणार? हे पत्र मी पैशांसाठी लिहिते आहेच, पण तिच्या त्या प्रश्नासाठी त्याहून जास्त लिहिते आहे.

शुक्रवार वेरुळात नीट गेला. शनिवारी सकाळी खुलताबादला भद्रा मारुतीचं दर्शन घेतलं आणि दुपारी जालना, मंठा, जिंतूर असे औंढ्याच्या वाटेला लागलो. जिंतूर सोडून आठ-नऊ किलोमीटर झाले असतील. संध्याकाळचे सात वाजले होते, रस्त्यावर दिवे नाहीत, दोन्ही बाजूंना कापसाची रानं. मागचं डावं टायर बसलं. उतरून पाहिलं तर त्याची नक्षी पार घासून गुळगुळीत झालेली. स्टेपनी काढली तर तिच्यात हवाच नाही, हातानं दाबली की आत जात होती. जॅक होता, पण सोबत ठेवलेला पाना नटांना बसत नव्हता, नुसता फिरत होता.

तुमच्या करारावर ‘रस्त्यावरील मदत २४ तास’ असं छापलेलं आहे. त्या नंबरवर मी ७ वाजून १२ मिनिटांपासून अकरा वेळा फोन केला. आठ वाजून गेल्यावर एकदा उचलला गेला. पलीकडचा माणूस म्हणाला, मेकॅनिक सकाळी पाठवतो. मी म्हटलं, गाडीत सत्तरीच्या दोन बायका आहेत, जवळ गाव दिसत नाही. त्यावर “मग तुम्हीच बघा काहीतरी” म्हणून त्यानं फोन ठेवला. त्यानंतर तो लागलाच नाही.

आम्हाला मदत केली ती बाजूच्या शेतातल्या आखाड्यावर राहणाऱ्या लोकांनी. त्यांच्या मुलानं ट्रॅक्टरचा पाना आणून चाक काढलं, मोटारसायकलवर घेऊन जिंतूरला गेला, पंक्चर काढून परत आला. तोवर त्याच्या आईनं माझ्या आईला बाजेवर बसवलं, अंगावर वाकळ टाकली, आम्हा तिघींना चहा दिला. पंक्चरचे अडीचशे रुपये त्यानं घेतले, पेट्रोलचे घेतले नाहीत. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत त्यांचं सोयाबीन हातचं गेलेलं. अशा घरानं परक्या बायकांसाठी दीड तास घालवला. मी ज्यांना १२,२०० रुपये मोजले होते, त्यांनी फोन ठेवून दिला. औंढ्याला पोचायला रात्रीचे दहा वाजले.

रविवारी पहाटे नागनाथ, दुपारी परळीचं दर्शन झालं. परत येताना बीडच्या अलीकडं पोलिसांनी कागद तपासायला गाडी थांबवली. आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा कागद, भलत्याच माणसाच्या नावावर. हवालदारांनी विचारलं, गाडी कुणाची? मी तोंड उघडायच्या आत मागून आईचा आवाज आला, “भाड्यानं घेतलीया, साहेब.”

त्यांनी आत डोकावून दोघी म्हाताऱ्यांकडं पाहिलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, “ताई, पांढऱ्या पाटीची गाडी भाड्यानं घेत जाऊ नका. काही झालं तर विम्याचं अवघड होतं.” आम्हाला जाऊ दिलं. पण पुढचा सगळा रस्ता माझे हात स्टेअरिंगवर घट्ट झाले होते.

पुण्यात आल्यावर मी नीट वाचून काढलं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ६६ नुसार परवान्याशिवाय गाडी भाड्याच्या कामाला वापरता येत नाही. स्वतः चालवायला गाड्या भाड्यानं देण्यासाठी कलम ७५ खाली १९८९ पासून वेगळी योजना आहे, आणि त्यासाठी परवाना लागतो. खासगी कारच्या विमा पॉलिसीत वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात. त्यात भाड्यानं किंवा मोबदला घेऊन केलेला वापर वगळलेला असतो. याचा अर्थ तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतो. त्या तीन दिवसांत, ६४१ किलोमीटरमध्ये, उसाच्या एखाद्या ट्रॉलीवर गाडी आदळली असती तर विमा कंपनीला हात वर करायला कारण मिळालं असतं आणि आम्ही तिघी वाऱ्यावर पडलो असतो. बुकिंग करताना तुम्ही ‘पूर्ण विमा समाविष्ट’ असं लिहून माझ्याकडून पैसे घेतलेत.

आता डिपॉझिटचं. रविवारी रात्री नऊला गाडी परत दिली तेव्हा तुमच्याच मुलानं ती फिरून पाहिली आणि “ओके आहे ताई” म्हणाला. डिझेल घेतलं होतं त्यापेक्षा जास्तच होतं. तीन दिवसांनी तुमचा मेसेज आला : बंपरचं नुकसान ३,०००, टायरचं नुकसान १,३००, धुलाई ५००, परत रक्कम २०० रुपये. बंपरचा ओरखडा जुना होता याचा पुरावा तुमच्या माणसाच्या आवाजात माझ्याकडं आहे. आणि टायर? ज्या घासलेल्या टायरमुळं आम्ही रात्री रस्त्यावर बसलो, त्याचेच पैसे तुम्ही माझ्याकडून घेतलेत. दुरुस्तीचं बिल मागितलं तर उत्तर नाही. भाड्याची पावती मागितली तर तीही नाही. पैसे कंपनीच्या नव्हे, एका व्यक्तीच्या नावाच्या यूपीआयवर घेतले गेलेत, हेही मी लिहून ठेवते.

माझी मागणी अशी. कापलेले ४,८०० आणि पंक्चरचे २५० असे ५,०५० रुपये पंधरा दिवसांत माझ्या खात्यात जमा करा. ७,२०० रुपयांची जीएसटी क्रमांक असलेली रीतसर पावती द्या. गाड्या भाड्यानं देण्याचा तुमचा परवाना आणि मला दिलेल्या गाडीची विमा पॉलिसी यांच्या प्रती पाठवा. परवाना नसेल तर तसं लिहून द्या, आणि ती गाडी लगेच भाड्यावरून काढा. पुढच्या शनिवारी तिच्यात दुसरं कुणाचं तरी कुटुंब बसेल, हा विचार मला झोपू देत नाही.

त्या मुलाचा पगार कापू नका. तो वीस-बावीस वर्षांचा असेल, त्याला जे शिकवलं ते तो बोलला. खोटं बोला असं गिऱ्हाइकाला सांगायला त्याला कुणी शिकवलं, याचं उत्तर मला तुमच्याकडून हवं आहे. आणि माझ्या आईला एक पत्र लिहा, मराठीत, तुमच्या सहीनं. त्यात त्या सूचनेबद्दल माफी असावी. पैसे परत केलेत आणि हे पत्र आलं नाही, तर मी तक्रार मिटली असं धरणार नाही.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार मी पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. मी राहते त्या जिल्ह्यात तक्रार करायची मुभा मला कायद्यानं दिली आहे आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे. एवढ्या रकमेच्या तक्रारीला फी लागत नाही. गाडीची माहिती मी परिवहन कार्यालयालाही लेखी देणार आहे. ते तुमच्या उत्तरावर अवलंबून नाही.

आपली,
(नाव व मोबाइल क्रमांक बुकिंगमध्ये दिल्याप्रमाणे)

सोबत : गाडी ताब्यात घेतानाचा व्हिडिओ, घासलेल्या टायरचे आणि स्टेपनीचे फोटो, १५ नोव्हेंबरच्या अकरा कॉलची यादी, यूपीआयच्या नोंदी, डिपॉझिट कापल्याचा मेसेज.