एकवीस दिवस संपले, उपचार संपले नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला व्यसनमुक्ती केंद्रांवरचा लेख वाचला. विषय घेतलात, त्याला पूर्ण पान दिलंत, त्याबद्दल आभार. पण चौकटीत ठळक अक्षरांत ‘एकवीस दिवसांत दारूपासून सुटका’ असं छापलंत. खाली, तीन महिने केंद्रात राहून पुन्हा प्यायला लागलेल्या, बेळगावातल्या वडगावच्या विणकराबद्दल ‘सगळा खर्च पाण्यात गेला’ असा शेराही मारलात. ज्या घरात माणूस नुकताच केंद्रातून परत आला आहे, त्या घरातल्या बाईनं हे वाचलं असेल तर ती पुढच्या तपासणीसाठी बसभाड्याचे पैसे बाजूला काढणार नाही. म्हणून हे पत्र.

एकवीस हा आकडा खाटेचा आहे, आजाराचा नाही. कुठे एकवीस, कुठे तीस, पुण्याच्या मुक्तांगणात पस्तीस, कुठे तीन महिने. त्या दिवसांत काय होतं ते लेखात यायला हवं होतं.

रोज पिणारा माणूस अचानक थांबला की सहा-आठ तासांत हात कापायला लागतात, दरदरून घाम सुटतो, उलट्या होतात, झोप उडते. फिट येण्याचा धोका पहिल्या ४८ तासांत सर्वांत जास्त. तिसऱ्या दिवसाच्या सुमाराला काहींना भास होतात, ते बरळतात, घरातली माणसं ओळखत नाहीत. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार न मिळाल्यास यात माणूस दगावू शकतो. त्यामुळे ‘चार दिवस खोलीत कोंडा, आपोआप उतरते’ हा लेखातल्या शेजाऱ्याचा सल्ला जसाच्या तसा छापायला नको होता. आषाढीला माळ घालून किंवा देवीपुढं शपथ घेऊन एका दिवसात बंद करणाऱ्यांनाही हा धोका आहेच. माळ जरूर घालावी. पण ज्याला सकाळी उठल्याबरोबर कापरं थांबवायला घोट लागतो, त्यानं आधी डॉक्टरकडे जावं.

या काळात हा त्रास आवरायला क्लोरडायझेपॉक्साइडसारखी गोळी पुरेशा मात्रेनं सुरू करून रोज कमी करत आठ-दहा दिवसांत बंद करतात. यकृत फार बिघडलेलं असेल तर त्याऐवजी लोराझेपॅम देतात. गोळी बंद करणं हाही उपचाराचाच भाग आहे. घरी आल्यावर झोप येत नाही म्हणून तीच जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून पुन्हा पुन्हा गोळ्या आणल्या, तर काही महिन्यांत त्या गोळीचंच व्यसन लागतं. दारू सुटल्यावर झोप नीट बसायला कित्येक महिने लागू शकतात, हे घरच्यांना आधी सांगावं लागतं. बहुतेक ठिकाणी सांगत नाहीत.

दुसरी चूक सलाईनची. खेड्यातल्या दवाखान्यात कापणारा माणूस आला की पहिली बाटली ग्लुकोजची लागते. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या अंगात जीवनसत्त्व बी-वन, म्हणजे थायमिन, फार कमी उरलेलं असतं. त्यात नुसतं ग्लुकोज गेलं तर उरलंसुरलं थायमिनही खर्च होतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. मग डोळे फिरतात, चालताना तोल जातो, पुढे स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. थायमिनचं इंजेक्शन ग्लुकोजच्या आधी किंवा निदान बरोबर द्यायचं असतं. घरच्यांनी ‘बी-वन दिलं का?’ एवढं विचारलं तरी पुष्कळ झालं.

पहिला आठवडा-दहा दिवस यातच जातात. त्यानंतर भूक लागते, जेवण अंगी लागतं, बोलणं जाग्यावर येतं. समुपदेशकानं सांगितलेलं डोक्यात राहू लागतं ते साधारण तिसऱ्या आठवड्यात, आणि एकवीस दिवसांच्या केंद्रात नेमका तेव्हाच घरी जायचा दिवस येतो.

पुन्हा प्यायला लागणारे बहुतेक जण पहिल्या तीन महिन्यांतच घसरतात. म्हणून बाह्यरुग्ण तपासणी पहिला महिना दर आठवड्याला, पुढचे दोन महिने पंधरवड्याला आणि मग महिन्यातून एकदा, निदान वर्षभर ठेवावी. या तपासणीत गोळ्यांची पाकिटं मोजायची, यकृताची रक्ततपासणी पाहायची, बायकोशी वेगळं बोलायचं. आणि पुढचा आठवडा आधी मांडून ठेवायचा. पगार शनिवारी होतो का, तो कुणाच्या हातात जातो, उद्यमबागेतल्या कारखान्यातली पाळी सुटल्यावर घरी कुठल्या रस्त्यानं यायचं, गावची यात्रा किंवा घरचं लग्न किती तारखेला आहे. तलफ साधारण पंधरा-वीस मिनिटांत चढते आणि उतरते. तेवढ्या वेळात जेवून घ्यायचं, जागा सोडायची, ठरवलेल्या माणसाला फोन करायचा. तो माणूस कोण, हे तलफ येण्याआधी ठरलेलं असावं लागतं.

औषधांचंही तसंच. नालट्रेक्सोन ५० मिलिग्रॅम दिवसातून एकदा, तलफ कमी करायला. अकॅम्प्रोसेट ३३३ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या तीन वेळा, पण मूत्रपिंडं ठीक असतील तरच. डायसल्फिरामची गोळी घेतलेला माणूस दारू प्यायला तर त्याला त्रास होतो, म्हणून ती त्याला सगळं समजावून, त्याच्या संमतीनंच द्यायची. शेवटच्या घोटानंतर निदान बारा तास गेलेले असावेत आणि गोळी रोज सकाळी घरच्या माणसासमोर घ्यावी. ही गोळी चालू असताना द्राक्षासवासारखी आसवं-अरिष्टं आणि अल्कोहोल असलेली खोकल्याची औषधं चालत नाहीत, कारण त्यांतल्या अल्कोहोलनंही त्रास होतो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत तिचा परिणाम राहू शकतो.

आता त्या विणकराकडे येतो. लेखात त्याच्या केंद्राची खोली आली, जेवण आलं, तीन महिन्यांची फी आली. सुटी झाल्यावर तो तपासणीला किती वेळा गेला, हे मात्र विचारलंच गेलं नाही. केंद्र सीमेपलीकडे महाराष्ट्रात होतं, एवढं लेखावरून कळतं. दर आठवड्याला तिकडे जायचं म्हणजे मागाचा एक दिवस बुडणार, मजुरी बुडणार, वर दोन माणसांचं भाडं. मग पहिल्या महिन्यातच जाणं थांबतं. केंद्र सरकारच्या २०१९ सालच्या पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या ३८ माणसांमागे एकालाच कसला तरी उपचार मिळाल्याची नोंद आहे. हा माणूस त्या अडतिसातला, उपचार मिळालेला तो एक होता. मधुमेहाच्या रुग्णाची साखर पुन्हा वाढली तर आधीची औषधं पाण्यात गेली असं आपण म्हणत नाही, त्याला डॉक्टरकडे परत पाठवतो. घसरलेल्या माणसानंही त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी परत यायचं असतं. चार-दोन दिवसांची घसरण अनेकदा बाह्यरुग्ण विभागात सावरता येते. लाजेनं महिनाभर घरी बसला की पुन्हा दाखल करण्याची वेळ येते. ‘पाण्यात गेला’ हे शब्द त्या लाजेत भर घालतात.

त्याच पुरवणीच्या मागच्या पानावर ‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा’ अशी जाहिरात आहे. भाजीत, चहात मिसळायच्या पुडीत काय आहे, ते जाहिरातीत लिहिलेलं नाही. तिच्यात डायसल्फिराम कुटून घातलं असेल, तर त्या बिचाऱ्याला काही ठाऊक नसताना तो संध्याकाळी पिणार. तोंड लाल होणार, छाती धडधडणार, रक्तदाब खाली येणार, आणि हृदयाचा आजार असलेला माणूस यात मरू शकतो. पुढच्या पानावर व्यसनमुक्ती आणि मागच्या पानावर ही पुडी, हे थांबवा. जाहिरातीच्या उत्पन्नाचा प्रश्न मला कळतो, तरीही थांबवा.

आपल्या भागात काय उपलब्ध आहे तेही लेखात हवं होतं. बेळगावला जिल्हा रुग्णालय आहे, धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे. कर्नाटकात ‘मनोचैतन्य’ योजनेखाली तालुका रुग्णालयांत मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञांची तपासणी ठेवलेली आहे. खानापूर, चिकोडी, निपाणीकडच्या लोकांनी तारीख आधी विचारून जावं. गोळ्या आणि नियमित तपासणी यांसाठी दर वेळी पुणे-कोल्हापूर गाठायची गरज नाही.

पण तिथे अडतं भाषेवर. संमतिपत्र कन्नडमध्ये, गोळ्यांची वेळ सांगणारा कागद कन्नडमध्ये, समुपदेशन कन्नडमध्ये. रक्तदाबाची गोळी खुणेनं समजावता येईल. ‘पहिला घोट घ्यायच्या आधी मनात काय आलं’ हे येळ्ळूर-उचगावच्या माणसाला दुसऱ्या भाषेत सांगता येत नाही. तो मान हलवतो आणि पुन्हा येत नाही. इथं सीमाप्रश्न उकरून काढायचा नाही. कन्नड डॉक्टर मराठी रुग्णासाठी मनापासून धडपडतात, याबद्दल वाद नाही. पण मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मध्ये दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकार येतात, आणि त्याच्या कलम २२ प्रमाणे उपचाराची माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत मिळणं हा त्याचा हक्क आहे. आठवड्यातून एक दिवस मराठी बोलणारा समुपदेशक आणि मराठीत छापलेलं संमतिपत्र, एवढीच मागणी आहे. आपल्या वार्ताहरानं जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना याबद्दल विचारावं.

याच कायद्यानं केंद्राला नोंदणी सक्तीची केली आहे आणि रुग्णाला साखळीनं बांधायला मनाई केली आहे. दाखल करण्याआधी नोंदणीचा कागद पाहायला मागावा. टाळाटाळ झाली तर तिथे माणूस ठेवू नये.

येत्या रविवारी ती चौकट तेवढ्याच जागेत, तेवढ्याच ठळक अक्षरांत दुरुस्त करून छापावी, ही विनंती. तिच्यात १४४४६ हा व्यसनमुक्तीचा आणि १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक द्यावा, आणि तालुका रुग्णालयांच्या तपासणीचे दिवस चौकशी करून घालावेत.

कळावे,
आपला नियमित वाचक,
शहापूर, बेळगाव