आपण मागितलेला खुलासा कुठे आहे? गव्हर्नर न्यूसम यांना खुले पत्र

मा. गॅव्हिन न्यूसम,
गव्हर्नर, कॅलिफोर्निया राज्य,
सॅक्रामेंटो.

विषय : यूसीएलए या आपल्या सार्वजनिक विद्यापीठाने खेळांची पश्चिम किनाऱ्यावरची साखळी सोडली, त्याबद्दल जुलै 2022 मध्ये आपण मागितलेल्या खुलाशाबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार. पत्र मराठीत आहे याबद्दल आधी क्षमा मागतो. याच विषयावर इंग्रजीत तीन पत्रे मी निरनिराळ्या दारांत टाकून पाहिली. दोघांनी उत्तर दिले नाही. तिसरे उत्तर यंत्राने दिले आणि खाली विचारले, हा अनुभव कसा वाटला, पाचपैकी तारे द्या. तेव्हा म्हटले, कोणी वाचणारच नसेल तर ज्या भाषेत राग नीट येतो त्या भाषेत तरी लिहावे. निदान आमची चार माणसे वाचतील.

मी मूळचा तासगावचा. तिकडे द्राक्षे आणि बेदाणे, इथे फ्रेस्नोतही द्राक्षे आणि बेदाणे, त्यामुळे गाव सोडले असे कधी वाटलेच नाही. एकवीस वर्षे पॅकिंग शेडमधल्या यंत्रांची देखभाल करतो. मुलगी इथेच जन्मली आणि व्हॉलीबॉल खेळते. कुठल्या विद्यापीठाकडून, ते लिहीत नाही. ती अजून तिथेच आहे आणि तिच्या कोचला भाषांतराचे ॲप वापरता येते. एवढेच सांगतो की यूसीएलए, यूएससी, बर्कले आणि स्टॅनफर्ड या कॅलिफोर्नियातल्या चार विद्यापीठांनी खेळांचे पॅसिफिक किनाऱ्यावरचे बिऱ्हाड मोडले, त्यांतले ते एक. फ्रेस्नोहून चारही साधारण तीन-साडेतीन तासांवर. ओळखा पाहू.

आता निमित्त. माझी आई, वय 78, सप्टेंबरात तासगावहून आली. नातीचा खेळ एकदा डोळ्यांनी बघायचा, एवढ्यासाठी. दोन्ही गुडघ्यांचे ऑपरेशन झालेली बाई बावीस तास विमानात बसून आली. तिच्या मुक्कामात घरच्या मैदानावर सामने मोजून चार. त्यातला एक शनिवारचा, मला सुट्टी असलेला, आम्ही कॅलेंडरवर लाल पेनने गोल करून ठेवला होता. नऊ दिवस आधी कळले की टीव्हीवाल्यांना तो बुधवारी रात्री हवा आहे. बुधवारी माझी पाळी. बदली मागितली, मिळाली नाही. आईने डब्यात भरलेले मेतकूट आणि खाराच्या मिरच्या तशाच राहिल्या.

बरे, पुढच्या शनिवार-रविवारी जाऊ म्हणावे, तर पोरगी पूर्व किनाऱ्यावर. गेल्या रविवारी रात्री साडेअकराला फोन आला. शिकागोच्या विमानतळावर अडकली होती, पुढचे विमान पहाटे. सोमवारी सकाळी आठला ऑरगॅनिक केमिस्ट्रीची परीक्षा. सामना ऐंशी मिनिटांत संपला होता, सरळ तीन सेटमध्ये हरल्या. ऐंशी मिनिटांच्या खेळासाठी चार दिवस. "बाबा, मी टॉयलेटच्या बाहेर बसून रिॲक्शन्स पाठ करतेय, तिथेच प्लग आहे," असे ती म्हणाली आणि हसली. मला हसू आले नाही. आईने विचारले, काय म्हणते रे पोर? मी सांगितले, मजेत आहे.

महोदय, या पोरीने होकार दिला तेव्हा ती शाळेत होती. तिला आणि आम्हाला जेवायला बसवून सांगितले होते की सामने पश्चिम किनाऱ्यावर, सिॲटलपासून टूसानपर्यंत. बहुतेक प्रवास एका टाइम झोनमध्ये. आईवडिलांना गाडीने येता येईल. मी घरी येऊन नकाशावर रस्ते आखले होते. सेकंडहँड व्हॅन घेतली, तिचे हप्ते अजून चालू आहेत.

मग 30 जून 2022 उजाडला. ही तारीख मराठी माणूस विसरत नाही. त्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास मी चहा घेत फोनवर मुंबईचा शपथविधी बघत होतो. एकनाथ शिंदे मुख्यमंत्री होत होते. सुरत, गुवाहाटी, गोवा, सगळी यात्रा दहा दिवस पाहून डोके भणभणले होते. आणि त्याच दिवशी दुपारी शेडमध्ये कोणीतरी ओरडले की यूसीएलए आणि यूएससी पॅक-12 ही पश्चिमेकडची साखळी सोडून बिग टेन या दुसऱ्या साखळीत चालल्या. मी म्हटले, आजचा मुहूर्तच तसला दिसतो.

फरक एवढाच की आमच्याकडे पक्षांतरबंदीचा कायदा निदान पुस्तकात तरी आहे. तुमच्याकडे तोही नाही. पॅक-12 ही 1915 साली स्थापन झालेली कॉन्फरन्स, म्हणजे आपसांत सामने खेळणाऱ्या विद्यापीठांची साखळी, शंभर वर्षांहून जुनी. तिच्या संस्थापकांत बर्कले होती. यूसीएलए 1928 साली आली, म्हणजे थोरलीच्या घरात धाकटी आली, आणि निघताना धाकटीने थोरलीला सांगितलेसुद्धा नाही. दोघी एकाच युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या लेकी, रीजेंट्स या एकाच नियामक मंडळाच्या पदराखालच्या. त्या मंडळाचे पदसिद्ध अध्यक्ष कोण? कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर. म्हणजे आपण.

आणि आपण बोललात, हे नाकारत नाही. जुलै 2022 मध्ये आपण जाहीरपणे म्हणालात की सार्वजनिक विद्यापीठाचे पहिले कर्तव्य लोकांशी आहे; या सौद्याने सगळ्या खेळाडूंचे भले कसे होणार आणि बर्कलेशी असलेले शतकभराचे नाते कसे जपणार, याचा खुलासा यूसीएलएने जनतेला द्यावा. ते वाचून मी बायकोला म्हटले होते, बघ, माणूस बोलला. त्या निवेदनाची छापील प्रत फ्रिजवर लावली होती, बिलांच्या चुंबकाखाली.

खुलासा आला का? मला तरी पटेल असा कुठे वाचायला मिळाला नाही. 14 डिसेंबर 2022 ला रीजेंट्सनी 11 विरुद्ध 5 मतांनी यूसीएलएला जायला मोकळीक दिली. सोबत अटी: खेळाडूंच्या खाण्यापिण्यावर, मानसिक आरोग्यावर, प्रवासातल्या अभ्यासावर जादा खर्च करा, आणि बर्कलेला भरपाई द्या. आधी घर मोडायचे, मग पोरांना समुपदेशक नेमायचा. वरातीमागून घोडे. ती भरपाई पुढे वर्षाला 1 कोटी डॉलर ठरली. इथली वर्तमानपत्रे गमतीने तिला "कॅलिमनी" म्हणतात. आमच्याकडे तिला पोटगी म्हणतात, आणि त्यात गंमत नसते.

बर्कलेचे तर तेल गेले, तूप गेले. तिचे फुटबॉलचे मैदान हेवर्ड भूकंपरेषेवर बसलेले. 2012 मध्ये डागडुजी करून उघडले, त्या पायी 40 कोटी डॉलरहून मोठे कर्ज. डोक्यावर एवढा बोजा असलेली सून माहेरी टिकणार कशी? ऑगस्ट 2023 मध्ये एका शुक्रवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाच विद्यापीठे निघून गेली. वॉशिंग्टन, ओरेगन बिग टेनकडे, ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग 12 या आणखी एका साखळीकडे. आधी गेलेले धरता बारातले चार उरले. मग बर्कले आणि स्टॅनफर्डने कुठे जागा मिळवली? एसीसीत. म्हणजे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स. गोल्डन गेटवर सूर्य बुडताना दिसतो त्या गावाने अटलांटिक किनाऱ्याचे रहिवासी प्रमाणपत्र घेतले. तेही कसे? टीव्हीच्या पैशांत पहिली सात वर्षे फक्त 30 टक्के वाटा. पंगतीत बसा, पण पोळी तिसरा हिस्सा, आणि येण्याजाण्याचे भाडे तुमचे तुम्ही.

आमच्याकडे बारा बलुतेदार आणि अठरा अलुतेदार होते, पण बाराच्या खाली बारा आणि अठराच्या खाली अठराच मोजत. इथे बिग टेनमध्ये अठरा आहेत आणि बिग 12 मध्ये सोळा. गणित शिकवणाऱ्या संस्था या.

माझे तरुणपणीचे आठवते. शिवाजी विद्यापीठाकडून मी पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला गेलो होतो, गुजरातेत. जनरल डब्यात, बिस्तऱ्यावर बसून, भत्ता इतका तुटपुंजा की केळी आणि शेंगदाण्यावर दोन दिवस काढले. कष्ट होतेच. पण विभाग म्हणजे विभाग होता. कोल्हापूरच्या पोरांना कोणी गुवाहाटीत साखळी सामना खेळायला पाठवले नाही (पुढे आमदार तिकडे गेले, ते स्वखुशीने). सॅन फ्रान्सिस्को ते बॉस्टन हवाई अंतर साधारण 4,300 किलोमीटर. काश्मीर ते कन्याकुमारी सुमारे 3,200. माझ्या पोरीने मागच्या हंगामात किती अंतर कापले ते मी वहीत लिहीत गेलो. 40,000 च्या पुढे गेल्यावर लिहिणे सोडले. पृथ्वीला एक प्रदक्षिणा झाली, साहेब, आणि बक्षीस म्हणून केमिस्ट्रीत सी.

हे सगळे कशासाठी, ते तुम्हाला माहीत आहे. फुटबॉलसाठी. तोही पायाने खेळायचा नव्हे, हातात धरून पळायचा. बिग टेनने 2022 मध्ये फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीशी केलेला करार सात वर्षांचा, सात अब्ज डॉलरच्या घरातला. यूसीएलए सांगत होती, तीन वर्षांत 10 कोटी डॉलरहून जास्त तूट पडली, न जाऊन काय करू? मान्य, तूट आहे. पण फुटबॉलवाले वर्षात पाच-सहा वेळा बाहेर जातात, आणि आठवड्यातून दोन-दोन सामने खेळतात त्या व्हॉलीबॉलच्या पोरी. पैसा फुटबॉलचा आणि पायपीट पोरींची. आंधळे दळते ते कोणासाठी, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

तुम्ही म्हणाल, मी काय करणार, बाजार आहे. 2019 मध्ये मात्र तुम्हाला करता आले. कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावू देणाऱ्या कायद्यावर तुम्ही बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्सच्या टीव्ही कार्यक्रमात, त्याच्या शेजारी बसून सही केलीत. चांगला कायदा. मी टाळ्या वाजवल्या. पण कॅमेरा असला की सही होते आणि कॅमेरा नसला की निवेदन निघते, असे तर नाही ना? व्हॉलीबॉलच्या बाकावर बसणाऱ्या मुलीच्या नावावर कोण पैसे देतो, सांगा. तिला आजवर एका बोबा चहाच्या दुकानाने दोन कुपने दिली.

आणि फक्त तुम्हीच कशाला. 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एनसीएए या कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेचा टीव्हीवरचा ताबा काढून घेतला, तेव्हापासून ज्याचा त्याचा लिलाव सुरू आहे. इथली काँग्रेस, म्हणजे संसद, सुनावण्या घेते. 1 जुलै 2025 पासून विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत, आणि त्याचा मोठा घास कोणत्या खेळाच्या तोंडात जातो ते विचारू नका. उद्या पैसे कमी पडले की कोणाचा संघ बंद करतील, तेही विचारू नका. फुटबॉलचा कोच राज्यातल्या भल्याभल्या सरकारी नोकरांहून जास्त पगार घेतो आणि प्रयोगशाळेत शिकवणारा पोरगा तीन जणांत खोली करून राहतो. तरी प्रत्येक भाषणात शब्द एकच: विद्यार्थी-खेळाडू. आधी विद्यार्थी, हं का. मग विद्यार्थ्याला शिकागोच्या टॉयलेटबाहेर प्लग शोधायला का लागतो?

एक गोष्ट मात्र मला आवडली. पॅक-12 मध्ये शेवटी दोघेच उरले, वॉशिंग्टन स्टेट आणि ओरेगन स्टेट. नोव्हेंबर 2023 मध्ये कोलफॅक्स नावाच्या लहानशा गावातल्या न्यायाधीशाने पॅक-12 च्या मंडळाचा ताबा त्या दोघांना दिला; जे सोडून चालले त्यांना घराच्या किल्ल्या ठेवता येणार नाहीत. आमच्याकडे त्याच वर्षी फेब्रुवारीत नाव आणि धनुष्यबाण गेले ते बाहेर पडलेल्यांकडे. कोण बरोबर, कोण चूक, तो वाद इथे नको, घरी भाऊजींशी आधीच बोलणे बंद आहे. पण त्या मोडक्या घरात आता 1 जुलै 2026 पासून आमची फ्रेस्नो स्टेट राहायला जाते आहे. टेक्सास स्टेटही येते आहे, पॅसिफिक किनारा टेक्सासपर्यंत कधी पोचला ते विचारू नये. तरी माझ्या घरापासून फ्रेस्नो स्टेट अकरा मिनिटांवर. माझी पोर तीन वर्षे उशिरा जन्मली असती तर आजी चालत नाही तरी व्हीलचेअरवर सामन्याला गेली असती.

मागणे फार नाही. फुटबॉल न्या कुठे न्यायचा तो, चंद्रावर न्या. बाकीचे खेळ पश्चिम किनाऱ्यावर परत आणा. निदान दोन सार्वजनिक विद्यापीठांचे तरी, कारण त्यांच्या मंडळावर तुमची खुर्ची आहे. खेळाडूंचे किती तास बुडाले, दरवर्षी खेळवार छापा. आणि तो खुलासा मागून घ्या. तुम्ही मागितला होता, मी नाही.

आपला,
फ्रेस्नोचा एक बाप

ता. क. : आई मंगळवारी परत चालली. त्याआधी शुक्रवारी सामना आहे, पूर्वेलाच, आमच्या वेळेने दुपारी चारला. शेडच्या पार्किंगमध्ये व्हॅनमध्ये आईला शेजारी बसवून फोनवर बघणार आहे. ज्या चॅनलवर तो दिसतो त्याचे पैसे वेगळे भरावे लागतात, ते काल भरले.