युनियनच्या ट्रकवर रुजू होण्याआधी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. इथे अमेरिकेत गोदामातलं काम सोडून ट्रक ड्रायव्हर व्हायचं ठरवलंस, आणि शेवटी युनियन असलेल्या कंपनीतच जायचं म्हणतोस, हे वाचून फार बरं वाटलं. फोनवर या गोष्टी अर्ध्यामुर्ध्याच होतात, म्हणून सविस्तर लिहितोय. वहिनींनाही वाचायला दे. पहिलं वर्ष तुझ्याइतकंच त्यांनाही काढायचं आहे.

एक गोष्ट आधी मनात पक्की कर. या नोकरीत सगळं तुझ्या रुजू तारखेवर चालतं. कुठली फेरी, दिवसपाळी की रात्रपाळी, रजा उन्हाळ्यात मिळणार की फेब्रुवारीत, मंदी आली तर घरी कोण बसणार, हे सगळं सिनियॉरिटीच्या, म्हणजे कोण आधी रुजू झालं त्या, यादीवरून ठरतं. साहेबाची मर्जी राखून त्या यादीत कोणी एक पायरीही वर चढत नाही. म्हणून ‘आधी दोन-तीन वर्षं कुठेतरी अनुभव घेतो, मग युनियनचं बघू’ हा तुझा बेत मला पटला नाही. काही कंपन्या वर्षभराचा अनुभव मागतात, तिथे इलाज नाही. पण बऱ्याच ठिकाणी डॉकवर, म्हणजे ट्रक लागतात त्या धक्क्यावर, माल चढवणाऱ्या माणसालाच कंपनी लायसन्स काढायला लावून ड्रायव्हर करते. तुझा हात फोर्कलिफ्टवर बसलेला आहे, त्या दारातून आत जा. फक्त एक विचारून घे: डॉकवरची तारीख ड्रायव्हर झाल्यावरही धरतात, की ड्रायव्हरांच्या यादीत नव्याने शेवटी उभं राहावं लागतं? हे प्रत्येक करारात वेगळं असतं.

मैलावर पगार देणाऱ्या मोठ्या बिगर-युनियन कंपन्यांच्या जाहिराती तुला दिसतील. लायसन्सचं शिक्षण फुकट देतात आणि त्या बदल्यात वर्षभर बांधून घेतात. सही करण्याआधी मधेच सोडलं तर किती पैसे परत द्यावे लागतील ते वाच. आणि हे लक्षात घे की मैलावर पगार असला की गाडी उभी असताना बहुतेक वेळा पदरात काही पडत नाही. ग्राहकाच्या दारात चार तास ताटकळलास तरी ते चार तास तुझेच गेले. त्यात अमेरिकेचा १९३८ चा मजुरीचा कायदा आंतरराज्य मालवाहतुकीच्या ड्रायव्हरला ओव्हरटाइमच्या नियमातून वगळतो. कारखान्यातल्या माणसाला आठवड्याच्या ४० तासांनंतर दीडपट मिळते, तशी आपल्याला त्या कायद्याने मिळत नाही. आपल्याकडे ओव्हरटाइम येतो तो करारामुळे, आणि करार आहे कारण कोणीतरी त्यासाठी भांडलं. ही गोष्ट कळल्यापासून मी वर्गणीबद्दल कधी कुरकुर केली नाही. टीमस्टर्सची, म्हणजे आपल्या ट्रकवाल्यांच्या युनियनची, वर्गणी आपल्यासारख्यांना साधारणपणे महिन्याला अडीच तासांची मजुरी इतकी पडते. वर सुरुवातीची प्रवेश फी, ती प्रत्येक लोकलची, म्हणजे युनियनच्या स्थानिक शाखेची, वेगळी.

आता लायसन्स. ७ फेब्रुवारी २०२२ पासून क्लास ए साठी, म्हणजे ट्रक-ट्रेलरच्या लायसन्ससाठी, सरकारी नोंदणीतल्या शाळेतच शिकावं लागतं, त्याशिवाय गाडी चालवायची परीक्षा देता येत नाही. शाळा त्या यादीत आहे का हे पैसे भरण्याआधी स्वतः बघ. जमलं तर परीक्षा गिअरच्या गाडीवर दे. ऑटोमॅटिकवर दिलीस तर लायसन्सवर तसा शिक्का बसतो आणि गिअरची गाडी चालवता येत नाही. डबल ट्रेलर, टँकर आणि घातक माल, ही तिन्ही एंडॉर्समेंट, म्हणजे लायसन्सवरच्या जादा परवानग्या, लगेच काढून टाक. घातक मालासाठी बोटांचे ठसे आणि पार्श्वभूमीची तपासणी असते, त्यात वेळ जातो, तेव्हा तो अर्ज आधी टाक. ग्रीन कार्डवर ते होतं, काळजी नको. रस्त्यावर तपासणी करणारा अधिकारी इंग्रजीतच बोलणार, आणि २५ जून २०२५ पासून इंग्रजी येत नसेल तर ड्रायव्हरला जागच्या जागी थांबवतात. तुला अडचण नाही, तरी गाडीच्या भागांची नावं इंग्रजीत तोंडावर येऊ देत. परीक्षेतही तेच लागतं.

एअर ब्रेकची चाचणी मात्र घोकून पाठ करू नकोस, समजून घे. इंजिन बंद, किल्ली चालू, पार्किंग ब्रेकची दोन्ही बटणं आत, ब्रेकवर पाय घट्ट दाबून एक मिनिट काट्याकडे बघत राहायचं. ट्रक-ट्रेलरच्या जोडीला त्या मिनिटात हवेचा दाब ४ पीएसआयपेक्षा (काट्यावरचं दाबाचं माप) जास्त उतरता कामा नये. परीक्षकासमोर हे एकदाच करायचं असतं, पण पुढे आयुष्यभर रोज गाडी बाहेर काढण्याआधी करायचं आहे.

डबल, म्हणजे एका ट्रकमागे दोन ट्रेलर, जोडणं हे शाळेत फारसं शिकवत नाहीत आणि पार्सल मालाच्या कंपनीत रोज तेच असतं. २८ फुटी दोन ट्रेलर आणि मधे डॉली, म्हणजे मागचा ट्रेलर ज्यावर टेकतो तो चाकांचा छोटा गाडा. जड ट्रेलर पुढे, हलका मागे. हे उलटं केलंस तर मागचा ट्रेलर वळणावर आणि लेन बदलताना हेलकावे खातो, आणि पुढे केबिनमध्ये बसून तुला ते उशिरा कळतं. डॉलीची कडी पुढच्या ट्रेलरच्या पाठीवरच्या पिंटल हुकमध्ये अडकवली की कुलूप बसलं का ते हात लावून बघायचं, साखळ्या लावायच्या, हवेचे नळ आणि विजेची केबल जोडायची. मग पुढच्या ट्रेलरच्या पाठीवरचे हवेचे कॉक उघडे आणि शेवटच्या ट्रेलरच्या पाठीवरचे बंद. नवखा माणूस इथेच चुकतो. हवा खरोखर शेवटपर्यंत पोचली का हे बघायला मागे चालत जा, शेवटच्या ट्रेलरचा कॉक क्षणभर उघड. फुस्स आवाज जोरात आला पाहिजे. पावसात, रात्री दोन वाजता, पाठीमागे कोणी घाई करत असलं तरी हे चालणं सोडू नकोस. पहिले काही दिवस कोणी जुना ड्रायव्हर जोडी लावत असेल तर त्याच्या बाजूला जाऊन उभा राहा. तोंडाने सांगणार नाहीत, पण बघू देतात.

प्रोबेशनचे दिवस सगळ्यात कसोटीचे. तेवढ्या काळात कंपनी तुला काढू शकते आणि युनियनला फारसं काही करता येत नाही. बहुतेक करारांत प्रोबेशन पार पडलं की तारीख पहिल्या दिवसापासून धरतात. तोवर वेळेच्या आधी हजर राहा आणि मागे घेताना शंका आली की प्रत्येक वेळी उतरून बघ. कोणी उतरून बघितलं म्हणून कोणाला काढल्याचं मी पाहिलेलं नाही. ट्रेलरचा कोपरा खांबाला लागला म्हणून मात्र माणसं गेली आहेत.

त्यानंतर एक्स्ट्रा बोर्ड. हे वहिनींना नीट समजावून सांग. तुला ठरलेली फेरी नसेल. फोन वाजला की निघायचं, कधी संध्याकाळी सातला, कधी पहाटे तीनला. १० तास सलग विश्रांतीनंतर १४ तासांच्या आत ११ तास चालवता येतं, हा सरकारी नियम तुला थकव्यापासून थोडं वाचवतो, पण झोपेचं वेळापत्रक सांभाळून देत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत माल कमी झाला की यादीत खाली असणाऱ्यांना आधी घरी बसवतात. पहिल्या हिवाळ्यासाठी पैसे बाजूला काढून ठेव. मुलांचे कार्यक्रम चुकतील. मला याचं फार वाईट वाटायचं आणि अजूनही वाटतं, म्हणून ते लपवत नाही. पुढे खाली नवे येतात, वरचे निवृत्त होतात, आणि एका बोलीत (सिनियॉरिटीच्या क्रमाने फेऱ्या निवडतात तेव्हा) अचानक ठरलेली फेरी हाताला लागते.

शॉप स्टीवर्ड, म्हणजे कामावरचा युनियनचा प्रतिनिधी, कोण आहे हे पहिल्या आठवड्यात शोधून काढ. साहेबाने चौकशीला बोलावलं आणि त्यातून शिक्षा होईल असं वाटलं, तर ‘मला स्टीवर्ड हवा’ हे तुला स्वतः म्हणावं लागतं. हा हक्क १९७५ मध्ये सुप्रीम कोर्टाने मान्य केला आहे, पण मागितल्याशिवाय कोणी आणून देत नाही. हुकूम चुकीचा वाटला तरी काम आधी करायचं आणि तक्रार नंतर लेखी द्यायची, मुदतीच्या आत. याला अपवाद सुरक्षेचा. ब्रेक धड नसलेली गाडी नाकारलीस तर १९८२ चा कायदा तुझ्या पाठीशी आहे. नाकारताना आवाज चढवू नकोस, दोष कागदावर लिहून दे आणि प्रत स्वतःकडे ठेव.

आता एक कडू गोष्ट. युनियन आहे म्हणून कंपनी बुडणार नाही असं नाही. १९६४ मध्ये टीमस्टर्सचा अध्यक्ष जिमी हॉफाने देशभरच्या मालवाहतुकीचा एकच करार घडवून आणला, चार लाखांच्या वर ड्रायव्हर त्यात होते. १९८० मध्ये सरकारने हा धंदा खुला केला आणि त्या करारातल्या कंपन्या एकामागून एक गेल्या. २०२३ च्या ऑगस्टमध्ये यलो या मोठ्या ट्रक कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली तेव्हा टीमस्टर्सचे सुमारे २२ हजार लोक एकदम रस्त्यावर आले. वीस-पंचवीस वर्षांची सिनियॉरिटी असलेली माणसं दुसऱ्या कंपनीत यादीच्या तळाशी जाऊन उभी राहिली, कारण तारीख कंपनीबरोबर जाते. म्हणून पगाराचा आकडा बघताना कंपनीची तब्येतही बघ. टर्मिनलमध्ये, म्हणजे कंपनीच्या मालाच्या तळावर, माल वाढतोय की घटतोय, गाड्या किती जुन्या आहेत, गेल्या वर्षात किती नवे घेतले, हे डॉकवरची माणसं खरं सांगतात. पेन्शन कुठल्या फंडात जाते आणि किती वर्षांनी पक्की होते हेही विचार, साधारण पाच वर्षं लागतात. आणि मधेच नोकरी सोडायची वेळ आली तर लोकलमधून विथड्रॉवल कार्ड (सभासदत्व थांबवल्याचा कागद) घ्यायला विसरू नकोस, नाहीतर वर्गणी चढत राहते.

तुझ्या घराजवळ कुठली टर्मिनलं आहेत आणि त्यांत कुठल्या लोकलची माणसं आहेत, एवढं मला कळव. मी आमच्या स्टीवर्डला विचारून तिथे कोणाशी बोलायचं ते सांगतो. तोवर डोळे, कान आणि रक्तदाब तपासून घे. वैद्यकीय कार्डासाठी रक्तदाब १४०/९० च्या आत असला तर कार्ड पूर्ण दोन वर्षांचं मिळतं, आणि तुझा मागे वाढलेला होता.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
मित्र