गोदाकाठच्या बागेचा पहिला उन्हाळा: माठ द्या, पाणी द्या, आठवड्यातली एक सकाळ द्या

सप्रेम नमस्कार.

नाशिकमध्ये गंगापूर रोडच्या मागच्या अंगाला, गोदावरीच्या काठाला लागून असलेली आपली बाग बरीच वर्षं नावापुरतीच बाग होती. पुराने उखडलेल्या फरशा, गंजलेले पाळणे, छातीएवढं वाढलेलं गाजरगवत आणि काठाच्या झुडपांत अडकलेल्या निर्माल्याच्या पिशव्या. दिवेलागणीनंतर तिकडे कुणी फिरकत नव्हतं, आणि मुलांना तर आपण दिवसाही जाऊ देत नव्हतो. आज त्याच बागेत करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन आणि वाळुंजाची रोपं उभी आहेत. फाटकापासून पाण्यापर्यंतची पायवाट मोकळी झाली आहे. सकाळी फिरायला येणारी मंडळी पुन्हा दिसू लागली आहेत.

हे काम आपण रहिवाशांनी केलेलं नाही. ते जवळपासच्या महाविद्यालयांतल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलामुलींनी केलं आहे. आमच्या समितीने त्यांना कुदळी-फावडी दिली, चहा दिला, उद्यान विभागाच्या परवानगीची कागदपत्रं केली. कष्ट सगळे त्यांचे. आता त्यांना मदत हवी आहे, आणि ती वर्षभर नको, ठरावीक तीन महिन्यांत हवी आहे: मार्च, एप्रिल आणि मे.

याचं कारण साधं आहे, पण आजवर ते कुणी फारसं मनावर घेतलेलं नाही. महाविद्यालयाचं वर्ष आणि झाडाचं वर्ष जुळत नाही. पावसाळ्यात महाविद्यालयं भरलेली असतात, उत्साह असतो, पाऊस फुकटचं पाणी घालत असतो, तेव्हा रोपं लागतात. दिवाळीनंतर थंडीतही निभावतं. फेब्रुवारी संपता संपता प्रात्यक्षिकं सुरू होतात, मग लेखी परीक्षा, मग वसतिगृहं रिकामी होतात. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरीकडची मुलं आपापल्या गावी जातात आणि त्यांनी जायलाच हवं, घरी शेतीची कामं असतात. नेमकं तेव्हाच पहिल्या वर्षाच्या रोपाला पाण्याची सगळ्यात जास्त गरज असते. मुळं अजून खोल गेलेली नसतात आणि वरची माती तापून भेगाळते. जूनमध्ये मुलं परत येतात तेव्हा त्यांच्या हाती वाळलेल्या काड्या लागतात. मग त्याच खड्ड्यात नवं रोप, पुन्हा फोटो. आपल्या शहरात कित्येक ठिकाणी हे असंच होत आलं आहे. यंदा या बागेत ते होऊ द्यायचं नाही, असं समितीने ठरवलं आहे. लावण्याचं काम मुलांनी केलं, उन्हाळा आपला.

या मुलांबद्दल थोडं सांगायलाच हवं. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करावं अशी तिची अट आहे. या बागेत येणाऱ्यांतल्या कित्येकांचे तास केव्हाच भरले आहेत, तरी रविवारी सकाळी ते हजर असतात. सुरुवातीचे कितीतरी रविवार तर रोप लावण्याचा प्रश्नच नव्हता, नुसतं उपसणं होतं. एका पाळण्याच्या साखळीभोवती पुरात वाहून आलेल्या साडीचा पीळ बसला होता. त्यात गाळ, काड्या, पिशव्या असं सगळं घट्ट झालेलं. दोन मुली आणि एक मुलगा तो विळ्याने थर थर कापून काढत बसले होते. आत मातीत एका करंजाच्या शेंगेला कोंब फुटलेला सापडला. करंजाची शेंग पाण्यावर तरंगत येते आणि काठाला लागून रुजते. त्या मुलांनी तो कोंब हलक्या हाताने काढून काठावरच लावला. बागेतलं पहिलं रोप ते. त्याला आता गुडघ्याएवढी उंची आली आहे आणि फाटकातून आत आल्यावर उजव्या हाताला ते कुणालाही बघता येईल.

गाजरगवताचं काम त्याहून चिवट. या गवताची आपल्या देशात पहिली ठळक नोंद १९५५ च्या सुमाराला पुण्यात झाली, आणि आज महाराष्ट्रातला एकही मोकळा भूखंड त्यातून सुटलेला नाही. एक झाड हजारो बिया टाकतं, म्हणून ते फुलावर येण्याआधीच मुळासकट उपटावं लागतं. नुसतं कापलं तर पुन्हा फुटतं. अंगाला लागलं की अनेकांना खाज सुटते, पुरळ उठतं, दम्याच्या माणसाला तर त्याचे परागकण फारच त्रास देतात. हातमोजे आणि तोंडाला रुमाल असल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही असा नियम मुलांनी स्वतःच केला आहे, आणि तो ती पाळतात.

वाळुंजाची गोष्ट आम्हाला फार आवडते. रोपवाटिकेत वाळुंज मिळेना. पेठ तालुक्यातून आलेला एक विद्यार्थी म्हणाला, "रोप कशाला हवं? याची फांदीच खोचायची." सुट्टीत गावाकडच्या ओढ्यावरून तो ओल्या गोणपाटात गुंडाळून फांद्या घेऊन आला. पाण्याजवळच्या ओल्या पट्ट्यात त्या खोचल्या आणि बहुतेक फुटल्या. नदीकाठचं ज्ञान आपल्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांजवळ असं भरपूर असतं. शहराने ते विचारून घ्यायला हवं.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे, कारण दोन-तीन दात्यांनी प्रेमाने विचारलं आणि आम्हाला त्यांना नाही म्हणावं लागलं. बागेला सिमेंटचे बाक नकोत, पेव्हर ब्लॉक नकोत, कारंजं नको, कमान नको. नाशिककराला पुराचं माप नव्याने समजावून द्यावं लागत नाही. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की छातीला, यावरून पाऊस केवढा झाला ते आपण ओळखतो. २००८, २०१६, २०१९ या वर्षांचे पूर आपल्यातल्या बहुतेकांनी डोळ्यांनी पाहिले आहेत. नदीकाठच्या नकाशावर पुराच्या दोन रेषा असतात: पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची पातळी म्हणजे निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची पातळी म्हणजे लाल रेषा. आपली बाग निळ्या रेषेच्या आत आहे. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की पाणी इथे येणारच, ही जागा नदीचीच आहे. इथे बांधलेलं काहीही कधी ना कधी उखडणार, आणि उखडलेला सिमेंटचा तुकडा पुढे कुठल्या तरी पुलाच्या खांबाला जाऊन अडकणार. काठाला धरून ठेवतात ती मुळं. उंबर, करंज, अर्जुन, वाळुंज ही पुराचं पाणी सोसणारी झाडं आहेत, खाली वाळा आणि लव्हाळा असला की माती हलत नाही. शिवाय काठ मातीचा राहिला तरच खंड्याला त्यात बीळ करून घरटं करता येतं. सिमेंटने काठ लिंपला की तो पक्षी जागा सोडतो.

बागेत सुबाभूळ माजली आहे हे खरं. तिची बारकी रोपं आम्ही उपटतो. मोठ्या झाडांना मात्र हात लावत नाही, कारण १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे शहरातलं झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. कृपया कुणीही सेवाभावाने कुऱ्हाड घेऊन येऊ नये.

मग हवं काय? सगळ्यात आधी माठ. घरात पाणी गार न करणारा, बाजूला पडलेला जुना माठ असेलच. त्याची छिद्रं बुजलेली असतात म्हणून तो गार करत नाही. आमच्या कामाला तो चालतो. तळाला छोटं भोक पाडायचं, त्यातून कापसाची जाड वात ओवायची, रोपाच्या शेजारी गळ्यापर्यंत पुरायचा आणि वर झाकण ठेवायचं. पाणी वातीतून हळूहळू मुळाशी उतरतं, उन्हाने उडून जात नाही. एकदा माठ भरला की दोन-तीन दिवस चिंता नसते. झाकण नक्की द्या, नाहीतर डास होतात. तडा गेलेला माठ मात्र आणू नका.

दुसरी विनंती निफाड, दिंडोरी, पिंपळगावकडच्या द्राक्ष बागायतदारांना आणि त्यांच्या शहरातल्या नातेवाइकांना. बागेतलं ठिबक बदलताना निघालेल्या जुन्या १६ मिलिमीटरच्या नळ्या टाकून देऊ नका, भंगारातही घालू नका. आम्हाला द्या. फाटलेला भाग कापून, जोडण्या बसवून वरच्या पट्ट्यातल्या रोपांना त्या सहज पुरतील. फवारणीच्या औषधाचे रिकामे ड्रम मात्र कितीही चांगले असले तरी घेणार नाही. त्यातलं औषध धुऊन जात नाही आणि ते पाणी शेवटी नदीतच उतरतं. पाणी साठवायला झाकणाची स्वच्छ टाकी कुणी दिली, अगदी वापरलेली, तर आनंद होईल. आच्छादनासाठी सोसायट्यांमधला वाळका पालापाचोळा हवा आहे. तो जाळण्याऐवजी पोत्यात भरून ठेवा, आम्ही येऊन नेऊ. प्लास्टिक त्यात येणार नाही एवढं सफाई कामगारांशी बोलून बघा.

पैसे लागतात ते मुख्यतः टँकरसाठी आणि एका माणसाच्या मजुरीसाठी. पलीकडच्या वस्तीतला, नदी लहानपणापासून ओळखणारा एक कामकरी तीन महिने रोज संध्याकाळी पाणी घालायला तयार आहे. त्याला पूर्ण आणि वेळेवर मजुरी द्यायची, सेवेच्या नावाखाली स्वस्तात राबवून घ्यायचं नाही, हे समितीने पक्कं केलं आहे. एका रोपाच्या उन्हाळ्यासाठी आम्ही ३०० रुपये धरले आहेत. एक रोप घ्या, पाच घ्या, सोसायटीने मिळून वीस घ्या. रोपाला देणाऱ्याच्या नावाची पाटी लागणार नाही. मुलांचीही नावं तिथे नाहीत. देणगीची पावती मिळेल, आणि जमाखर्चाचा कागद दर महिन्याच्या पहिल्या रविवारी फाटकावर लावला जाईल. समितीला ८०जीची सवलत नाही, म्हणून आयकरात वजावट मिळणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

पण पैशांपेक्षाही आम्हाला माणसं हवी आहेत. आठवड्यातली एक सकाळ, तासभर. माठ भरायचे, आच्छादन सारखं करायचं, एखादं रोप कलंडलं असेल तर काठी लावायची, गुरं आत शिरली असतील तर कुंपण बघायचं. यात कुठलंही जड काम नाही. निवृत्त काका-काकूंना, शाळेला सुट्टी लागल्यावर घरी असणाऱ्या मुलांना, रात्रपाळी करून सकाळी परतणाऱ्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या कामगारांनाही ते जमेल. सात वारांचे सात गट करतो आहोत. ज्या सोसायट्या काठाला लागून आहेत त्यांनी एकेक वार वाटून घेतला तर कुणावरच भार पडणार नाही. विद्यार्थ्यांनी प्रत्येक रोपाची नोंद असलेली एक वही केली आहे: कुठलं झाड, कुठल्या पट्ट्यात, कधी लावलं, मध्ये काय झालं. परीक्षेला जाण्याआधी ती वही ते आपल्या स्वाधीन करणार आहेत. जूनमध्ये आपण ती त्यांना परत द्यायची आहे, रोपांसकट.

२०२७ च्या सिंहस्थासाठी शहर कामाला लागलं आहे आणि गोदामाईच्या नावाने मोठमोठ्या गोष्टी होतील. होऊ देत. आपल्या वाटणीला नदीचा हा छोटा काठ आला आहे, तो आपल्या दारातला आहे आणि त्यासाठी कुणाच्या मंजुरीची वाट बघायची नाही.

दर रविवारी सकाळी ७ ते ९ समितीचे सभासद आणि विद्यार्थी बागेच्या फाटकापाशी असतात. माठ, नळ्या, पालापाचोळा तिथेच आणून द्यावा, वाराच्या गटात नावही तिथेच द्यावं. देणगी रोख किंवा फाटकावरच्या फलकातल्या क्यूआरवरून देता येईल, पावती हातोहात मिळेल. गटांची विभागणी फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी होईल, त्या दिवशी मुलं प्रत्येक पट्टा फिरवून दाखवणार आहेत. येताना पायात बूट घाला, चपला नकोत. खालच्या पट्ट्यातल्या गाळातून अजून काचा निघतात.

आपली,
गोदाकाठच्या वसाहतींची रहिवासी समिती