लग्नाला चला, बाबा

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, फोनवर मी शंभू-पार्वतीच्या लग्नाला चला म्हटलं, तर तुम्ही ‘बघू’ म्हणालात, म्हणजे मनाशी ठरवून बसलात हे कळलं. म्हणून लिहितोय. पत्र मध्येच कट करता येत नाही.

यंदा शिखर शिंगणापूरच्या यात्रेतला मुंगी घाट नको. द्वादशीला सासवडच्या तेल्या भुत्याची कावड तो कडा चढते तेव्हा खालचा वरच्याला रेटतो, वरचा खालच्याला ओढतो. तिथे एकाचा पाय सुटला तर मागचेही जातात. महादेवाला ‘म्हाद्या, धाव’ म्हणून हाक मारली की तो धावतो, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. पण त्याला दरवर्षी तुमच्या गुडघ्यांसाठीच का धावायला लावायचं?

त्यापेक्षा अष्टमीला शिंगणापूरला जाऊ. तुम्ही इतकी वर्षं कावडीतून कऱ्हा नदीचं पाणी घेऊन जाता, पण पोहोचता ते लग्न लागून चार दिवस झाल्यावर. वऱ्हाडी म्हणवता आणि अक्षता एकदाही टाकलेल्या नाहीत! आणि आई तर कधी गेलीच नाही. कावड निघाली की ती घरी, गुरं आणि आम्ही पोरं तिच्या गळ्यात. (आई, तू ‘माझं काही नाही’ म्हणशील. ते आम्ही ऐकणार नाही.)

चैत्र शुद्ध पंचमीला शंभू-पार्वतीला हळद लागते, अष्टमीच्या रात्री बाराला लग्न. मला त्याहून बघायचाय तो त्या दिवशी बांधतात तो ध्वज. लांबच लांब कापडाचं ते पागोटं महादेवाच्या शिखरापासून समोरच्या बळीच्या देवळाच्या शिखरापर्यंत नेतात. खालून माणसं माना वर करून बघत असतात म्हणे. टीव्हीवाले मात्र दरवर्षी घाटच दाखवतात. थरार असतो ना तिथे.

गाडी वरपर्यंत जाते, त्यामुळे शेंडगे दरवाजाच्या पायऱ्या आईला चढाव्या लागणार नाहीत. मालोजीराजांनी बांधलेलं तळं वाटेत दाखवीन. मी तीन दिवसांची रजा टाकली आहे.

कावड चुकवा असं मी म्हणत नाही. द्वादशीला पायथ्यापर्यंत खांदा द्या, पुढे गाडीनं वर या. कावडीच्या मंडळींशी तुम्हीच बोला. मी बोललो तर ते मलाच चढायला लावतील.

आई, हिरवी इरकल धुवून ठेव. बाबांचं काय ठरतं ते तूच फोन करून कळव.

तुमचा,
धाकटा